रघूच्या डब्यातली झिरझिर

रघू भुवडला मी पडवी दिली ती काही त्याच्या गुणांवर भाळून नव्हे. रत्नागिरीत आमच्या खालच्या आळीतल्या घराची रस्त्याकडची पडवी रिकामी होती आणि तिथे रोज संध्याकाळी पत्ते कुटायला जमणारं टोळकं मला नको झालं होतं. तिथे एखादा रेडिओ दुरुस्तीवाला बसवला की ते आपोआप उठेल, एवढाच माझा विचार. हे एकोणीसशे ऐंशी सालचं. मी तेव्हा कोर्टात कारकून होतो, आणि कोर्टातला कारकून सहसा कोणावर भाळत नाही.

टोळकं उठलं, पण त्याच्या जागी रघूची गिऱ्हाइकं येऊन भांडू लागली. रघू कामचुकार नव्हता. उलट सांगितल्यापेक्षा जास्त काम करायची त्याला खोड होती. रेडिओचं बटण सैल झालं म्हणून कोणी घेऊन यावं, तर हा मागचं झाकण उघडून आतली दहा दुखणी शोधणार आणि ती सगळी बरी केल्याशिवाय झाकण लावणार नाही. मग आज देतो, उद्या देतो करत पंधरा दिवस जायचे. खरखर ही त्याची जन्माची वैरीण. ती कुठून येते ते शोधायला तो स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरायचा, टोक स्पीकरच्या पत्र्याला टेकवायचा आणि डोळे मिटून बसायचा. कानाला कळत नाही ते दाताला कळतं म्हणे. माझी बायको सुमेधा म्हणायची, हा माणूस डॉक्टर झाला असता तर रत्नागिरीत आजारी कोणी उरलं नसतं, फक्त घरी सोडलं नसतं कोणाला.

तो मूळचा मंडणगडकडचा, शेतकऱ्याघरचा. गिरगावातल्या एका दुकानात आठ वर्षं काढली होती. तिथे ऑर्केस्ट्रावाल्यांची वाद्यं आणि गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येत. मुंबई मानवली नाही म्हणून परत आला, आणि गावात वीजच धड नव्हती म्हणून रत्नागिरीत राहिला. बोलायचा कमी. मी रागावलो की नुसतं ‘होय अण्णा’ म्हणायचा आणि पुन्हा तेच करायचा. मला त्याचा राग यायचा आणि तो घरी असला की बरंही वाटायचं.

त्याच्या या खोडीपायी एकदा मोठाच घोळ झाला. मी सांगतो आहे ती गोष्ट त्या घोळाची आहे.

रत्नागिरीजवळच्या पालीच्या आत चार मैलांवर एका वाडीत भागोजी कुळये नावाचा जाखडीचा शाहीर होता. आमच्याकडे गणपतीत पोरं पायात चाळ बांधून गोल धरून नाचतात आणि मधोमध शाहीर आणि वाजवणारे बसतात, ती जाखडी. भागोजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी स्वतः बांधायचा आणि आवाज असा की समोरची टेकडी परत उत्तर द्यायची. त्याचा धाकटा भाऊ रावजी मुंबईत गिरणीत होता. तिथे एका ऑर्केस्ट्रात जाऊन-येऊन इलेक्ट्रिक गिटार शिकला होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो गिटार आणि व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर घेऊन वाडीत आला. वाडीतले लोक त्या ॲम्प्लिफायरला ‘खोका’ म्हणत. जाखडीत गिटार म्हटल्यावर आसपासचे लोक आधी हसले, मग दोन वर्षांत त्यांनीही गिटारवाले शोधायला सुरुवात केली. पण भागोजीच्या खोक्याचा आवाज कोणाला जमला नाही. सूर निघाला की त्याच्यामागे एक बारीक झिरझिर यायची आणि सुराबरोबर विरत जायची. भागोजी डोळे मिटून त्या झिरझिरीची वाट बघायचा आणि ती आली की गाणं उचलायचा.

पंच्याऐंशी सालच्या गणपतीनंतर रावजी तो खोका रघूकडे घेऊन आला. आतली एक वायर सैल झाली होती, मध्येच बंद पडायचा. रघूने वायर पाच मिनिटांत बसवली. पण झाकण उघडंच होतं, त्यामुळे त्याला स्पीकरचा कागदी कोन दिसला. कोन वीतभर फाटलेला, वर वर्तमानपत्राचा तुकडा कसल्याशा काळपट चिकट पदार्थाने डकवलेला. रघूला ते बघवेना. त्याने पुण्याहून नवा कोन मागवला, बसवला, खोका आतून-बाहेरून पुसला आणि जुना कोन आमच्या न्हाणीच्या चुलीशेजारच्या टोपलीत टाकून दिला. विचारलं कोणी नव्हतं, सांगितलंही कोणी नव्हतं.

रावजीने पडवीतच गिटार लावून पाहिली. काचेसारखा स्वच्छ आवाज आला. रघू खूश होऊन त्याच्या तोंडाकडे बघत होता. रावजीने गिटारची वायर गुंडाळली आणि तो खोका घेऊन गेला. दोन दिवसांनी भागोजी स्वतः आला आणि पायरीवर बसला. तक्रार करायला आलोय असं तो म्हणाला नाही. खोका चांगला केलास, त्याने सांगितलं, फक्त तो आता आमचा राहिला नाही. मी आतून ऐकत होतो, तो बाहेर येऊन भागोजीवरच घसरलो. दुखणं बरं केलं म्हणून रडणारा रोगी मी पहिल्यांदा बघतोय, असं काहीतरी बोललो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दिवाळीत भागोजीचा आवाज बसला. खोकला असेल म्हणून महिनाभर काढे झाले. मग मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. आवाजाची पेटीच काढावी लागेल, जीव वाचेल, पण बोलणं कायमचं जाईल. संक्रांत झाली की ऑपरेशन. रावजी हे सांगायला आला तेव्हा डिसेंबरची वीस तारीख होती. ऑपरेशनआधी भागोजीची गाणी त्याच्याच आवाजात टेप करून घ्यायची होती. मुंबईच्या स्टुडिओत जाण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं. रघूने माझ्याकडे बघितलं. माझा पुतण्या दुबईला होता, त्याने पाठवलेला दोन वेगळ्या वाटांनी आवाज घेणारा टेप डेक आमच्या माजघरात झाकून ठेवलेला असे, आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी म्हटलं, घ्या.

आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड. माजघराच्या खिडक्यांना सुमेधाने गाद्या उभ्या करून लावल्या. वेळ ठरली दुपारी दोन ते चार, कारण त्या वेळात सगळी रत्नागिरी झोपते. शेजारच्या विहिरीचा रहाटसुद्धा गप्प असतो. भागोजी, त्याची बायको हौसा आणि रावजी सकाळच्या एस्टीने आले आणि आमच्याकडेच उतरले.

पहिल्याच दिवशी अडलं. भागोजीचा आवाज शाबूत होता पण बारीक झाला होता, आणि खोका तर मोठ्याने वाजवला तरच बोलायचा. दोन्ही एका खोलीत ठेवले की माइकमध्ये नुसता खोकाच. खोका पडवीत ठेवून दार लावलं तर भागोजीला काही ऐकू येईना. शेवटी रघूने गिटारची वायर सरळ टेप डेकला जोडली. माइकमध्ये फक्त भागोजी, वायरीतून फक्त गिटार, आणि दोघांच्या कानांना हेडफोन. युक्ती उत्तम होती, पण गिटार अशी वाजली की डब्यावर कोणी रबर ताणून छेडतंय. भागोजीने दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

रघू म्हणाला, दोन दिवस द्या. मोठ्याने वाजणारा खोका जो आवाज काढतो तोच आवाज गप्प बसून काढणारं काहीतरी तो बनवणार होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याने दोन ट्रान्झिस्टर आणि कसले कसले भाग जोडले. गिटार एका बाजूने डब्यात जायची, दुसऱ्या बाजूने टेप डेककडे. खोलीत चिडीचूप, आणि हेडफोन लावला की अख्खा ॲम्प्लिफायर कानात. आज माझा नातू कॉम्प्युटरवर बटणं दाबून पन्नास ॲम्प्लिफायरचे आवाज काढतो आणि मला समजावून सांगतो. मी ऐकून घेतो. असला एक आवाज मी बिस्किटांच्या डब्यातून निघताना ऐकलेला आहे, हे त्याला सांगून पटत नाही.

पण भागोजीने ऐकलं आणि मान हलवली. आवाज छान होता, नव्या खोक्याचा होता. “माजा गाना ह्याच्यावर उचलत नाय, रघूभाऊ,” तो म्हणाला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बसलेली हौसा पहिल्यांदा बोलली. “जुना कागद कुटं हाय?” तिने विचारलं. “मी चिकटवला व्हता तो. फणसाच्या चिकान. तीन वर्सा टिकला.”

रघूचं तोंड उतरलं ते मी विसरणार नाही. तो उठून न्हाणीकडे गेला. टोपलीत काहीच नव्हतं. सुमेधाने सांगितलं, त्या कोनावर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी तापलं. रघू परत आला आणि सगळ्यांदेखत हौसासमोर उभा राहून म्हणाला, “वैनी, तुमचा आवाज मी जाळला.”

मी सुचवलं की नवा कोन फाडून पुन्हा चीक लावा. पण मग खोका मोठ्याने वाजवावा लागणार आणि पुन्हा भागोजीचा आवाज बुडणार. म्हणजे झिरझिर डब्यातूनच यायला हवी. आयुष्यभर खरखर मारत आलेला माणूस आता खरखर जन्माला घालायला बसला. ती कशी होती हे सांगायला एकच साक्षीदार उरला होता. वाडीतल्या कोणा चाकरमान्याने आदल्या गणपतीत साध्या टेपरेकॉर्डरवर जाखडी टेप केली होती. त्यात चाळ, टाळ्या, पोरांचं रडणं, सगळं होतं, आणि मधूनमधून खोका. रघूने ती कॅसेट किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. जेवताना ऐकायचा. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून ऐकायचा. जुन्या मोडक्या रेडिओंतून डायोड काढून डब्यात लावायचा, ऐकायचा, उपटून टाकायचा. त्या आठवड्यात त्याने एकाही गिऱ्हाइकाची वस्तू हातात घेतली नाही, आणि भांडायला आलेल्यांना मी परस्पर वाटेला लावलं.

परीक्षा हौसा घ्यायची. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. रघू आधी जुनी कॅसेट ऐकवायचा, मग डबा. ती मानेनेच नाही म्हणायची. भागोजीला आणि रावजीला चौथ्या दिवशी दोन्ही आवाज सारखे वाटायला लागले होते, मला तर दुसऱ्याच दिवशी. संक्रांत आठ दिवसांवर आली होती आणि भागोजी बोलताना मध्येच थांबायला लागला होता. मी रघूला बाजूला घेऊन म्हटलं की पुरे झालं, आता टेप करून टाक. रघू ‘होय अण्णा’ म्हणाला आणि परत हौसासमोर जाऊन बसला. नेमकं काय चुकतंय, त्याने विचारलं. तिला सांगता येईना. मग तिने हातातलं ताट जमिनीवर हलकेच ठेवलं आणि ते ठेवल्यावर जरा वेळाने थरथरतं तसं बोटांनी दाखवलं.

“आदी सूर येतो,” ती म्हणाली. “मंग चीक हलतो. तुमचा दोनी एकदम येतत.”

रघू ताडकन उठला. सूर आधी सुटायचा आणि ठिगळ मागाहून हलायचं, हे त्याच्या दातांनाही कळलं नव्हतं. ज्या बाईने ठिगळ लावलं आणि तीन गणपती चुलीपाशी बसून भिंतीआडून ऐकलं, तिलाच ते ठाऊक. दुपारपर्यंत त्याने डब्यात झिरझिर मागे रेंगाळेल अशी जोडणी केली. हौसा भिंतीकडे तोंड करून बसली. कॅसेट वाजली, मग डबा वाजला. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. भागोजीने हेडफोन लावला, रावजीने तार छेडली, आणि भागोजीने डोळे मिटून वाट बघितली. झिरझिर आली. त्याने गाणं उचललं.

चार दुपारींत अकरा गाणी झाली. मी टेप डेकच्या बटणांवर, रघू आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांवर नजर ठेवून. आवाज बारीक होता, मध्ये मध्ये चिरत होता, पण भागोजी होता. शेवटचं गाणं संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते लपवत बटणाकडे हात नेला. तेवढ्यात रघूने माझं मनगट धरलं, झिरझिर अजून विरायची होती. टेप फिरत राहिली.

भागोजी हेडफोन लावून तसाच बसला होता. हेडफोन लावलेल्या माणसाला वाटतं आपण एकटेच आहोत. त्याचा घसा सुकला होता.

“हौसा,” तो मोठ्याने म्हणाला. “पानी आन गो.”

आमच्याकडे त्या पिढीत चार माणसांदेखत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. भागोजी तिला मुलाच्या नावाने ‘शिवाचे आये’ म्हणायचा, नाहीतर नुसतं ‘गो’. हौसा तांब्या घेऊन आली ती लाजेने मान खाली घालून. भागोजीला आपण काय केलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग रघूने मला बटण दाबू दिलं.

ऑपरेशन झालं. भागोजी वाचला, बोलणं गेलं. भागोजीच्या जाखडी मंडळासाठी सहा कॅसेट मी काढल्या आणि नीटनेटकं काम करायची मला हौस, म्हणून शेवटचं ते पाणी मागणं सगळ्यांतून गाळलं. मूळ कॅसेट रघूने हौसाला दिली. शहाऐंशीच्या गणपतीत रावजीने डबा खोक्याला जोडला, शाहिराच्या जागी रावजीच गायला, आणि भागोजी मध्ये बसून हाताने ठेका धरत होता, असं रघू बघून आला.

त्या दिवाळीच्या आधी हौसा पडवीत आली. तिच्या पिशवीत ती कॅसेट होती. टेपरेकॉर्डरने टेप खाल्ली होती. रघूने पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि टेप उजेडात धरली. मलाही त्याने बोलावून दाखवलं. गाण्यांची टेप नव्यासारखी होती. शेवटची हातभर तेवढी झिजून, चुरगळून पांढुरकी झाली होती.

“वैनी, गाणी ऐकत नाय काय?” रघूने विचारलं.

हौसा पायरीवर बसली. तिने सांगितलं ते असं. ऑपरेशननंतर भागोजीला हाक मारता येईना. टाळी वाजवायचा, तांब्या आपटायचा, पण ती मागे गोठ्यात असली की ऐकू जात नसे. मग एक दिवस त्याने टेपरेकॉर्डर उशाशी घेतला, कॅसेट शेवटाला नेली आणि आवाज मोठा केला. तेव्हापासून तहान लागली की तो बटण दाबतो. ती पाणी घेऊन गेली की कॅसेट थोडी मागे फिरवून ठेवतो, पुढच्या वेळेसाठी.

“सगल्या वाडीला ऐकू जाता,” ती म्हणाली. “जल्मात कदी चारचौगात नाव घेतला नाय तेनी. आता दिसातून पाच येला घेतत.”

मी आत निघून गेलो, कारण त्या सहा कॅसेटींतून ते वाक्य मीच गाळलं होतं. आता ते जगात एकाच ठिकाणी उरलं होतं आणि तिथेही चुरगळलं होतं. रघूला तर आणखी वाईट वाटत होतं. डब्याच्या चाचण्या चालू असताना भागोजी किती काय काय बोलला होता, हसला होता, रावजीला दटावलं होतं. चाचणीच्या त्या सगळ्या टेप रघूने स्वच्छ पुसून टाकल्या होत्या. खरखर होती ना त्यांत.

दोन दिवस त्याने ती हातभर टेप कापसाने पुसली, बोटाच्या पेराने सपाट केली, तुटली तिथे जोडली. हौसाला आम्ही घरीच ठेवून घेतलं होतं. तिसऱ्या सकाळी माजघरात टेप डेकवर ती एकदा नीट वाजली. मध्ये भरपूर खरखर होती. मी रघूला म्हटलं की अमुक बटण फिरवलं तर खरखर कमी होईल.

“नको अण्णा,” तो म्हणाला. “तिच्याबरोबर आवाज पण जाईल.”

त्याने तेच एक वाक्य साठ मिनिटांच्या नव्या कॅसेटवर उतरवलं, एकामागून एक, मध्ये थोडी थोडी मोकळी जागा सोडून, दोन्ही बाजू भरेपर्यंत. म्हणजे मागे फिरवायला नको आणि टेप झिजायला नको. तशा तीन कॅसेट केल्या. दिवसभर आमच्या घरात भागोजी पाणी मागत होता. इतकी वर्षं मी या माणसाच्या खोडीवर रागावत आलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या पडवीत हा बसला हे माझं भाग्य.

संध्याकाळी हौसा निघाली. तिन्ही कॅसेट तिच्या पिशवीत घालण्याआधी रघूला सवयीप्रमाणे खात्री करून घ्यायची होती. त्याने पहिली कॅसेट पडवीतल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. थोडी खरखर झाली, मग भागोजीचा आवाज आला, हौसा, पानी आन गो.

हौसा पायरीवरून उठून उभी राहिली होती आणि तांब्या कुठे आहे ते बघत होती.